खिडकीतलं काळं रीळ

ताई: चार म्हणाला होतास. पाच वाजत आले.

धाकटा: अगं, लिफ्ट अडकली होती एका बिल्डिंगमध्ये. आत दोन म्हाताऱ्या, त्यातली एक तर रडकुंडीला आलेली. त्यांना तसंच सोडून येऊ का?

ताई: सुटल्या का?

धाकटा: सुटल्या ना. तिथून थेट इकडेच आलो. ठकू कुठाय?

ताई: कटिंगच्या टेबलाखाली झोपलीये, चिंध्यांवर. हळू बोल. आणि लिफ्टच्या गोष्टी मला सांगू नकोस. चारला पाच मिनिटं कमी होती तेव्हा तू समोर सायकलवाल्यापाशी उभा होतास. मी काजं करत बसले होते. दर काजाला मान वर करावी तर तू तिथेच. एकदा पंप बघितलास, एकदा टायर बघितलास. सायकल तरी आहे का तुझ्याकडे?

धाकटा: ओळखीचा आहे तो.

ताई: एक शब्द बोलला नाहीस त्याच्याशी. पाऊण तास माझ्या खिडकीकडे बघत होतास.

धाकटा: तुझ्या खिडकीत काय आहे बघण्यासारखं?

ताई: हे होतं. घे, धर हातात. काळं रीळ. मग मी ते काढलं आणि त्याच जागी पांढरं ठेवलं. दोन मिनिटं, फार तर तीन, आणि साहेब आत. "अगं, लिफ्ट अडकली होती."

धाकटा: योगायोग.

ताई: हो का.

धाकटा: खेळताना ठेवलं असेल तिने. लहान आहे.

ताई: खेळताना मुलं रिळं गडगडवतात. डाव्या कोपऱ्यात, उभं, रस्त्यावरून दिसेल असं नाही ठेवत. तसं मी ठेवायचे. याच खिडकीत, दुकान नानांचं आणि आपलं घर इथेच मागे होतं तेव्हा, मी दहा वर्षांची आणि तू सात. नाना बिथरलेले असले की काळं, शांत असले की पांढरं. हे जगात दोघांनाच माहीत होतं. आईलासुद्धा नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही. मग पाच वर्षांच्या पोरीला कुणी सांगितलं?

धाकटा: पाणी आहे का गं?

ताई: माठात आहे, घे. आणि पिऊन झालं की बोल.

धाकटा: मी सांगितलं. झालं समाधान?

ताई: कधी?

धाकटा: झाले चार-पाच महिने. तिला आवडतं ते. तिच्यासाठी खेळ आहे. तुला वाटतं तसं काही नाही त्यात.

ताई: मला काय वाटतं ते राहू दे. शाळा सुटल्यापासून पाच वाजेपर्यंत ती आणि नाना घरात दोघंच असतात. त्या घरात खिडकीत काळं रीळ कशाला लागतं?

धाकटा: नाना आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, ताई. तू येत नाहीस, तुला माहीत नाही. चहासुद्धा दोन्ही हातांनी धरून पितात.

ताई: मारतात का?

धाकटा: मारतात म्हणजे काय... वयामुळे चिडचिड होते. दमतात. एवढी बडबडी पोर दिवसभर सांभाळायची म्हणजे...

ताई: दमतात.

धाकटा: दमणारच ना.

ताई: थांब जरा. तुला ऐकू येतंय का तू काय बोलतोयस? आई हेच म्हणायची. माझ्या पाठीवर हळद लावता लावता म्हणायची, "दमलेत गं ते, दिवसभर मशीनवर असतात." आज ही पोर शाळा सुटल्यापासून माझ्याकडे आहे. नानांना डोळे तपासायला जायचं होतं, म्हणून पहिल्यांदाच एवढा वेळ. तिने मला किती वेळा विचारलं असेल, "आत्या, तू दमलीस का?" मला वाटलं, किती प्रेमळ आहे. पाचव्यांदा विचारलं तेव्हा कळलं की ही माझी चौकशी करत नाहीये. ती हवा बघतेय.

धाकटा: तू प्रत्येक गोष्टीत तेच शोधतेस.

ताई: तिच्या शाळेतल्या बाईंनी काय सांगितलं माहितीये? आज मी आणायला गेले तर मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, हिच्याबद्दल तक्रार नाही, तेच तर कोडं आहे. इतकी शहाणी मुलगी मी पाहिली नाही. मुलांत खेळत नाही, माझ्या खुर्चीजवळ उभी राहते आणि माझ्या तोंडाकडे बघत बसते. दुसऱ्या कुणाच्या हातून काही पडलं तरी ही सॉरी म्हणते. आणि आकडे म्हणते. वीसपर्यंत. मनातल्या मनात, ओठ हलवत. बाई म्हणाल्या, पुढचे शिकवायला गेलं की परत एकपासून सुरू करते.

धाकटा: हुशार आहे आकड्यांत.

ताई: वीसच का रे?

धाकटा: मला काय माहीत.

ताई: तुला नाही तर कुणाला? पट्टी खाताना वीसपर्यंत मोजायचं, हे तुझंच होतं. मी दात आवळायचे, तू मोजायचास. म्हणायचास, विसाच्या पुढे नाना कधी जात नाहीत. मोठा शोध लावल्यासारखा सांगायचास.

धाकटा: खरं होतं ते. कधी गेले का?

ताई: नाही गेले. मोठे उपकार.

धाकटा: मी तिला चांगलं तेच शिकवलं, ताई. आपल्याला कुणी सांगितलं होतं? आपलं आपण मार खाऊन शिकलो. हिला निदान आधीच माहीत आहे. आवाज चढला की जागचं हलायचं नाही. उलट बोलायचं नाही. रडलं की वाढतं, म्हणून रडायचं नाही. हात पुढे करायची वेळ आलीच तर डावा करायचा आणि तळवा सैल सोडायचा, कमी लागतं. मी बाप आहे तिचा. मला काय, तिला लागावं असं वाटतं?

ताई: म्हणजे हातावर मारतात.

धाकटा: कधीतरी.

ताई: आणि तुला हे माहीत होतं.

धाकटा: कधीतरी म्हटलं ना मी.

ताई: देवा रे. तू त्यांना थांबवलं नाहीस. तू तिला मार खायचं ट्रेनिंग दिलंस.

धाकटा: बोलायला सोपं आहे. तू इथे सुटी राहतेस, दुकानाच्या मागे, तुझी तू. मला त्याच घरात राहायचंय. सकाळी सातला मी बाहेर, साडेसातला तिची आई बाहेर. हॉस्पिटलची लाँड्री काय घरचं काम आहे, हवं तेव्हा उठून यायला? पाळणाघरात विचारलं तर म्हणे, पुढच्या वर्षी बघू. मग कुणाकडे ठेवू? तूच सांग. आणि त्यांना काय सांगू? तुमच्याकडे माझी मुलगी ठेवायची मला भीती वाटते?

ताई: हो. हेच सांगायचं.

धाकटा: चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला?

ताई: तुला त्यांच्या वयाची दया येत नाहीये, तुला अजून भीती वाटते त्यांची. अडकलेल्या लिफ्टमध्ये दोरीला लटकून उतरतोस तू. नवव्या मजल्यावरून खाली बघतोस आणि शीळ घालतोस. आणि नाना खाकरले की तुझी मान खांद्यात जाते. मी बघितलंय.

धाकटा: तुझी नाही जात?

ताई: जाते. म्हणून तर मी येत नाही तिकडे. मी काही शूर नाही, पळून गेलेली आहे. पण मी कुणाला तिथे ठेवून पळाले नाही.

धाकटा: चिडू नकोस, पण आपलं काय वाईट झालं? आपण दोघं मार खाऊन वाढलो. मी कामाला आहे, दारू नाही, काही नाही. तू दुकान चालवतेस, तुझ्या हाताची शिलाई लोक मागून घेतात. नानांनी कडक ठेवलं म्हणूनच ना?

ताई: मी चाळीस वर्षांची आहे. कुणी मागून येऊन खांद्यावर हात ठेवला तर माझ्या हातून कात्री पडते. गिऱ्हाइकांना ठाऊक आहे, दारातूनच हाक मारतात. मूल का नाही केलंस, असं तुम्ही सगळे विचारायचात ना? मी म्हणायचे, जमलं नाही. खोटं. मी घाबरले होते. माझे हात नानांसारखे आहेत, बघ, बोटंसुद्धा तशीच. म्हटलं, हे हात कुणा लहानग्यावर पडले तर? मी बरी आहे, असं मी कधी म्हटलं? आणि तू म्हणे बरा. पाऊण तास सायकलचे टायर बघणारा.

धाकटा: एक विचारू?

ताई: विचार.

धाकटा: नाना तर आज इथे नव्हते. मग तिने काळं रीळ कुणासाठी ठेवलं?

ताई: मला वाटलंच होतं, तू इथे येशील.

धाकटा: सांग ना. घरात नाना नाहीत, दुकानात तुम्ही दोघीच. काळं कुणासाठी?

ताई: माझ्यासाठी.

धाकटा: का?

ताई: तो मोतिया रंगाचा कोट टांगलाय ना, त्याची बाही बघ. मशीनच्या तेलाचा डाग. आज सहाला द्यायचा होता. मी बटणं आणायला आत गेले, तेवढ्यात तिला वाटलं आत्याला मदत करावी. तेलाची कुपी घेऊन मशीनला तेल घालायला गेली. बाहेर आले तर बाहीवर हा एवढा डाग. दहा दिवसांचं काम रे. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हाताशी पट्टी होती. मी ती टेबलावर आपटली.

धाकटा: तिला लागली?

ताई: तिला नाही लागली. तिच्या हातापासून चार बोटांवर आपटली.

धाकटा: कुठली पट्टी?

ताई: ती लाकडी.

धाकटा: नानांची? ती अजून ठेवलीयेस तू?

ताई: चांगली सरळ होती. कधी वाकली नाही. आणि सवयीची झाली होती. मला कधी वाटलंच नाही की ती... रोज तिनेच मापं आखायचे मी. रोज.

धाकटा: म्हणजे मी तिला शिकवतो ते वाईट, आणि तू...

ताई: मी काय केलं तेच सांगतेय तुला. मी लपवत नाहीये. तू मला चार शिव्या दे, मी ऐकून घेईन. पण पुढचं ऐक. मी पट्टी आपटली, तर ती दचकलीसुद्धा नाही. पोरगी हसली. कसंनुसं, तोंड उघडून. डावा हात पुढे केला, असा, सैल. आणि म्हणाली, "आत्या, डावा चालेल का? उजव्याने मला उद्या चित्र काढायचंय."

धाकटा: असं म्हणाली?

ताई: अगदी असं. नेहमीच्या आवाजात. दुकानदाराला विचारतात ना, सुटे चालतील का, तसं.

धाकटा: मग तू काय केलंस?

ताई: मी पट्टी टाकली, तिला जवळ घ्यायला गेले, तर अंग लाकडासारखं. जवळ घेऊ दिलं तिने. पण ते घेऊ देणंच होतं, दुसरं काही नाही. मग मी तोंड धुवायला आत गेले. परत आले तर रिळांचा डबा उघडा, खिडकीत काळं रीळ, आणि ही टेबलाखाली जाऊन झोपलेली. तू चारला येणार, हे तिला माहीत होतं. स्वतःला वाचवायला नाही ठेवलं रे तिने ते. तुला वाचवायला ठेवलं.

धाकटा: मला कशाला...

ताई: मीही तुझ्यासाठीच ठेवायचे. हे तुला कधी सुचलं नाही का? तू शाळेतून यायचास, कोपऱ्यावरून खिडकी बघायचास, काळं दिसलं की गोट्या खेळायला पळायचास. पांढरं होईपर्यंत. मधल्या वेळात काळ्याचं पांढरं कसं व्हायचं, कधी विचारलंस? नानांचा राग असाच नाही उतरायचा. कुणावर तरी उतरायचा. रीळ ठेवणारी कायम आतच असते.

धाकटा: तू कधी बोलली नाहीस.

ताई: काय बोलायचं होतं? तू सात वर्षांचा होतास. तू बाहेर राहिलास याचं मला बरंच वाटायचं. राग त्याचा नाही. राग आजचा आहे. आज तू सदतीस वर्षांचा घोडा आहेस आणि तरी समोरच्या फुटपाथवर उभा होतास. आत तुझी मुलगी आहे हे माहीत असून.

धाकटा: पाय उचलले नाहीत, ताई. खरं सांगतो. ते रीळ दिसलं आणि पाय उचललेच नाहीत. मी स्वतःला म्हणत होतो, अरे, आत ताई आहे, नाना नाहीत, जा. तरी नाही.

ताई: माहितीये मला.

धाकटा: मग चिडतेस कशाला?

ताई: माहितीये म्हणूनच चिडते. माहीत नसतं तर तुला नुसता भित्रा म्हणून सोडून दिलं असतं. आता ऐक. उद्यापासून शाळा सुटली की ती इथे येईल. मी आणीन. लाकडी पट्टी मी दुपारीच मोडून चुलीजवळ टाकलीये. मला राग येईल, येणारच, मी काही रातोरात सुधारत नाही. पण मला राग आला की मी दार उघडून रस्त्यावर जाऊन उभी राहीन, तिच्यासमोर नाही. तेवढं मी माझं बघते. तुझं तू बघ. नानांना तू सांगायचंस. मी नाही, तिच्या आईने नाही. तू. आत्ता.

धाकटा: घरी गेल्यावर सांगतो ना. नीट समजावून.

ताई: घरी गेल्यावर तू त्यांना औषधं देशील, डोळ्यांचं विचारशील, आणि उद्या सकाळी ती तिथेच असेल.

धाकटा: फोनवर असं बरं दिसत नाही.

ताई: कुणाला बरं दिसत नाही?

धाकटा: त्यांना सांगितलंच नाही तर? ती आली नाही तर ते समजतील काय ते. उगाच कशाला...

(टेबलाखालून चिंध्यांची सळसळ ऐकू येते.)

ठकू: बाबा, पांढरं दिसलं?

धाकटा: दिसलं गं. ये इकडे. केसांत केवढे दोरे अडकलेत तुझ्या.

ठकू: मी काळं ठेवलं होतं. आता आत्या चांगली झाली?

ताई: ठकू, आत्याचं चुकलं. तेल सांडलं तर पुसायचं असतं, पट्टी आपटायची नसते. तुझी काहीच चूक नव्हती.

ठकू: तू दमली होतीस.

ताई: नाही, बाळा. मी दमले नव्हते. मी चिडले होते. दमलेली माणसं झोपतात.

ठकू: आजोबा नाही झोपत.

धाकटा: ठकू, ऐक हं. उद्या शाळा सुटली की तू इथे यायचं, आत्याकडे. रोज. आजोबांजवळ थांबायचं नाही.

ठकू: मग घरच्या खिडकीत कोण ठेवणार?

धाकटा: कुणीच नाही. आता ठेवायचंच नाही.

ठकू: पण मग आईला कसं कळणार?

धाकटा: आईला सांगितलंस तू रिळाचं?

ठकू: नाही. तू म्हणालास ना, आपलं दोघांचंच गुपित. पण मी तिच्यासाठीपण ठेवते. काळंच असतं कधीकधी, ती येते तेव्हापण. पण आई खिडकीकडे बघतच नाही. काळं असलं तरी तशीच वर येते. पिशवी घेऊन.

धाकटा: आणि मी?

ठकू: तू खालून हात करतोस.

ताई: ठकू, जा बरं, तोंड धू. साबण तिथेच आहे.

धाकटा: राहू दे, ताई. बसू दे तिला.

ताई: रडू नकोस तिच्यासमोर. ती आता तुझी समजूत काढायला लागेल.

धाकटा: नाही रडत. फोन लाव.

ताई: तुझ्याकडे आहे की.

धाकटा: तू लाव. मी लावला तर वाजायच्या आत बंद करीन. माझं मला माहितीये.

ताई: काय सांगणार आहेस?

धाकटा: ती उद्यापासून घरी नसेल. आणि का नसेल.

ताई: का नसेल, तेही?

धाकटा: तेच आधी सांगतो. त्यांनी बोलायला सुरुवात केली की मग मला जमायचं नाही.

ताई: वाजतोय. घे.

ठकू: कुणाला फोन? आजोबांना?

धाकटा: हो.

ठकू: ओरडतील ते.

धाकटा: ओरडू देत.

ठकू: बाबा, वीसपर्यंत मोज. मग नाही लागत.